दोन चौदा सप्टेंबर : निजामाचे बॉम्बर आणि उमरग्याचा रस्ता

१४ सप्टेंबर १९१८. पहिले महायुद्ध शेवटच्या टप्प्यात आहे. फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील बेतॉंकूर येथील तळावरून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची बॉम्बफेकी विमाने आपल्या पहिल्या लढाऊ मोहिमेवर निघतात. लक्ष्य आहे बूले येथील जर्मन विमानतळ. विमाने कोरी आहेत आणि त्यांच्यावर एक नाव रंगवलेले आहे : हैदराबाद.

१४ सप्टेंबर १९४८. उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगे. आदल्या दिवशी दुपारी येथे पोहोचलेली भारतीय सैन्याची चिलखती तुकडी पूर्वेकडे निघण्याच्या तयारीत आहे. पुढच्या रस्त्यालगत हैदराबादच्या बाजूचे लोक खंदकांत दबा धरून बसल्याचे हवाई टेहळणीतून कळले आहे. टेम्पेस्ट विमानांना बोलावणे जाते.

तारीख तीच, मधे बरोबर तीस वर्षे. पहिल्या मोहिमेतील विमानांचा खर्च ज्याने उचलला, त्याच राजाच्या राज्यावर दुसऱ्या मोहिमेतील विमाने चालून गेली. हा थ्रेड या दोन दिवसांविषयी आणि त्यांच्या मधोमध सापडलेल्या एका जिल्ह्याविषयी आहे.

तो राजा म्हणजे हैदराबादचा सातवा निजाम, मीर उस्मान अली खान. १९११ साली तो गादीवर आला. धाराशिवचे उस्मानाबाद झाले ते त्याच्याच नावावरून. २०२३ साली जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे परत मिळाले. जिल्ह्याचा काही भाग ‘सर्फ-ए-खास’ होता, म्हणजे त्याचे उत्पन्न थेट निजामाच्या खाजगी खजिन्यात जात असे. कोणत्या तालुक्याचा शेतसारा कोणत्या विमानाच्या पंखात गेला, हे आज कोणी वेगळे काढून दाखवू शकणार नाही. परंतु लोरेनच्या आकाशात उडालेल्या त्या विमानांचा पैसा आकाशातून पडलेला नव्हता, एवढे निश्चित.

दुसऱ्याच्या फौजेचा खर्च सोसण्याचा या भूमीला जुना सराव होता. ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज नावाने हैदराबादची, पगार निजामाचा आणि अधिकारी इंग्रज अशी होती. तिच्या पगाराची बाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहान्वये निजामाला वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या हवाली करावा लागला. कादंबरीकार म्हणून आधीच प्रसिद्धीस आलेला मेडोज टेलर नळदुर्गात कारभार पाहू लागला तो याच व्यवहारामुळे. १८५७ च्या उठावात निजाम सरकार इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याचे बक्षीस म्हणून १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. म्हणजे हा जिल्हा एकदा फौजेच्या कर्जापायी गहाण पडला आणि निष्ठेच्या मोबदल्यात सुटला. मीर उस्मान अलीच्या मनात हा धडा पक्का बसला असावा : इंग्रजांना संकटात मदत करावी, ते ती लक्षात ठेवतात.

पहिल्या महायुद्धात त्याने सढळ हाताने मदत केली. ११० स्क्वॉड्रनची पहिली विमाने ही त्याचीच भेट. १९१८ साली त्याला ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ हा इतर कोणत्याही भारतीय संस्थानिकाला न मिळालेला किताब मिळाला आणि त्याच्या नावापुढे ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ ही उपाधी लागली.

आता त्या विमानांकडे वळू. डीएच-९ए हे दोन आसनी, दुपंखी बॉम्बफेकी विमान. चौकट लाकडाची, वर कापड. इंजिन अमेरिकन बनावटीचे ‘लिबर्टी’, सुमारे ४०० अश्वशक्तीचे. पुढे वैमानिक, मागे निरीक्षक; निरीक्षकाच्या हाती मशीनगन आणि पंखांखाली बॉम्ब. बसण्याची जागा उघडी. इतक्या उंचीवर थंडी हाडे गोठवणारी असे, त्यामुळे वैमानिकांचा पोशाख हाच जीवनमरणाचा प्रश्न होता. यावर १९१७ साली एका ऑस्ट्रेलियन वैमानिकाने तोडगा काढला. आतून फरचे अस्तर असलेला, अखंड शिवलेला ‘सिडकॉट’ सूट त्याच्या नावावरून ओळखला जाऊ लागला. त्याचे नाव सिडनी कॉटन. हे नाव लक्षात ठेवावे. तीस वर्षांनी ते बिदरच्या धावपट्टीवर पुन्हा भेटणार आहे.

हे नवे विमान घेऊन फ्रान्समध्ये दाखल झालेले पहिले स्क्वॉड्रन म्हणजे ११०. सप्टेंबरच्या आरंभी ते ह्यू ट्रेंचर्ड यांच्या ‘इंडिपेंडंट फोर्स’मध्ये रुजू झाले. आघाडीवरील खंदकांत अडकून न पडता थेट जर्मनीतील कारखाने, रेल्वे स्थानके आणि विमानतळ यांच्यावर बॉम्ब टाकायचे, हे या दलाचे काम. सामरिक बॉम्बफेकीची कल्पना तेव्हा बाल्यावस्थेत होती. दूरवरच्या शहरावर बॉम्ब टाकल्याने युद्ध जिंकता येते की नाही, याचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते.

पहिल्या मोहिमेसाठी शहर नव्हे, विमानतळ निवडला गेला. बूले त्या वेळी जर्मन साम्राज्यात होते. नैर्ऋत्येला सँ-मियेल येथे अमेरिकन सैन्याचा मोठा हल्ला नुकताच सुरू झाला होता आणि जर्मन विमानांना जमिनीवरच रोखणे निकडीचे होते. तर्क साधा आहे : शत्रूचे विमान आकाशात गाठण्यापेक्षा त्याची धावपट्टी निकामी करणे स्वस्त पडते. हाच तर्क तीस वर्षांनंतर हैदराबादला लागू होणार होता.

पहिल्या दिवसानंतरचे दिवस मात्र कठीण गेले. ही विमाने दिवसाढवळ्या जात आणि सोबत लढाऊ विमानांचे संरक्षण नसे. एकमेकांना चिकटून, दाट रचनेत उडायचे आणि मागच्या मशीनगनांच्या भरवशावर परतायचे, हीच काय ती युक्ती. रचना मोडली की विमान एकटे पडे आणि एकटे पडलेले विमान क्वचितच परत येई. २१ ऑक्टोबरला एकाच मोहिमेत या स्क्वॉड्रनची सात विमाने परतली नाहीत. युद्धविरामापर्यंतच्या दोन महिन्यांत स्क्वॉड्रनने सुमारे साडेदहा टन बॉम्ब टाकले आणि शत्रूच्या माऱ्यात १७ विमाने गमावली. साडेदहा टनांना १७ विमाने, हा हिशेब कोणत्याही दरबारात ऐकवण्याजोगा नव्हता.

त्यांतले एक विमान मात्र आजही शाबूत आहे. एफ-१०१० क्रमांकाचे ‘हैदराबाद नंबर १२ए’ ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मन हद्दीत उतरवावे लागले आणि त्यातील दोघेही युद्धकैदी झाले. जर्मनांनी ते युद्धातील लूट म्हणून बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडमध्ये जाऊन पडले आणि १९७७ साली एका स्पिटफायरच्या बदल्यात ब्रिटनला परत मिळाले. मराठवाड्याच्या इतिहासाची आवड असलेल्या कोणाला लंडनच्या आरएएफ संग्रहालयात जाण्याचा योग आला, तर त्या लाकूड-कापडाच्या सांगाड्यापुढे क्षणभर थांबावे.

निजामाचा हात पुढेही आखडला नाही. दुसऱ्या महायुद्धात हैदराबादच्या नावाची तीन स्क्वॉड्रन होती. १५२ क्रमांकाचे स्क्वॉड्रन १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये स्पिटफायर घेऊन लढले. त्याच्या चिन्हावर निजामाची पगडी होती आणि ब्रीदवाक्य होते ‘विश्वासू दोस्त’. २५३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनलाही हैदराबाद संस्थानाचे नाव होते. आणि आपले ११०? युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्लेनहाइम विमाने घेऊन ते जर्मनीच्या विल्हेल्मशाफेन बंदरातील युद्धनौकांवर गेले. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाचा हा पहिला बॉम्बहल्ला.

इतके सगळे केल्यावर निजामाला इंग्रजांकडून काय हवे होते? १९४७ साली ते स्पष्ट झाले. भारतात किंवा पाकिस्तानात सामील न होता हैदराबाद स्वतंत्र राहावे आणि ब्रिटिश राजमुकुटाशी त्याचे थेट नाते असावे. लंडनने यास नकार दिला. ‘विश्वासू दोस्त’ ही उपाधी कायम राहिली, दोस्ती मात्र संपली. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकारशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. तो कोणत्याच बाजूने नीट पाळला गेला नाही.

या काळात उस्मानाबाद जिल्हा पेटलेला होता. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. वेगळा लातूर जिल्हा १९८२ साली झाला. खेड्यांवर रझाकारांचे हल्ले, लूट आणि जाळपोळ सुरू होती. सीमेपलीकडे मुंबई प्रांताच्या हद्दीत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची शिबिरे होती आणि तेथून संस्थानातील नाक्यांवर व चौक्यांवर प्रतिहल्ले होत. सामान्य कुटुंबे बैलगाडीत संसार टाकून सोलापूर-बार्शीकडे निघून गेली.

हैदराबादला शस्त्रे हवी होती आणि भारताने त्याची नाकेबंदी केली होती. येथे सिडनी कॉटन पुन्हा प्रवेश करतो. मधल्या काळात त्याने १९३९ साली ब्रिटनसाठी जर्मनीची गुप्त हवाई छायाचित्रे काढून मोठे नाव कमावले होते. १९४८ मध्ये तो लँकास्ट्रियन विमानांतून कराचीहून रात्रीच्या अंधारात बिदर व वरंगळ येथे शस्त्रे पोहोचवू लागला. पुढे लंडनच्या न्यायालयाने त्याला दंड केला तो अवघा २०० पौंडांचा. सिडकॉट सूट शोधणारा हा माणूस आता निजामाची शेवटची हवाई मदत झाला होता. ज्याच्या नावाने तीन स्क्वॉड्रन लढली, त्याच्या स्वतःच्या राज्यापाशी लढाऊ हवाई दल म्हणावे असे काहीच नव्हते. डेक्कन एअरवेजची प्रवासी डाकोटा विमाने तेवढी होती.

गंमत अशी की भारताकडेही तेव्हा बॉम्बर स्क्वॉड्रन नव्हते. ब्रिटिशांनी युद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेली लिबरेटर विमाने बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि त्यांवर भारतीय हवाई दलाचे पहिले बॉम्बर स्क्वॉड्रन, क्रमांक ५, उभे राहिले ते नोव्हेंबर १९४८ मध्ये. हैदराबादची कारवाई दोन महिने आधीच उरकली होती. त्यामुळे सप्टेंबरमध्ये बॉम्बरचे काम हॉकर टेम्पेस्ट या लढाऊ विमानाने केले. एक आसन, अडीच हजारांच्या आसपास अश्वशक्तीचे इंजिन, २० मिलिमीटरच्या चार तोफा आणि पंखांखाली रॉकेट किंवा बॉम्ब. काश्मीरमध्ये या विमानांचा कस आधीच लागला होता. हैदराबादसाठी ती पुण्याच्या तळावर आली. हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्याकडे होती.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे ‘ऑपरेशन पोलो’ सुरू झाले. मुख्य फौज मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापुराहून निघाली. सोलापूर-हैदराबाद अंतर सुमारे ३०० किलोमीटर, आणि या वाटेवरचे पहिले कुलूप म्हणजे नळदुर्ग. पावसाळ्याचे दिवस, बोरी नदीला पाणी. नदीवरचा पूल उडवला गेला असता तर रणगाडे अलीकडच्या काठावर अडकून पडले असते. तो उडवण्याची कामगिरी हैदराबादच्या नोकरीतील एका इंग्रज अधिकाऱ्याकडे होती. परंतु सातव्या ब्रिगेडने अनपेक्षित वेगाने येऊन पूल शाबूत ताब्यात घेतला आणि तो अधिकारी कैद झाला. सोळाव्या-सतराव्या शतकांत आदिलशाहीने बोरीचे पाणी अडवून ज्या किल्ल्याला अभेद्य केले, त्या किल्ल्याचा निकाल एका पुलाने काही तासांत लावला.

सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटात होती. तुळजापूरला दुसरी तुकडी पहाटेच धडकली. तेथे पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीचे सैनिक आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले आणि मग शरण आले. तेथून लोहाऱ्याकडे जाणारी वाट फुगलेल्या नदीने अडवली. दुपारी सव्वातीनला मुख्य तुकडी उमरग्यात पोहोचली. सीमेपासून ६० किलोमीटर आत, एका दिवसात.

त्याच काळात हवाई दलाने बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांना लक्ष्य केले. बूलेचाच तर्क : कॉटनची विमाने उतरणारच नाहीत, अशी तजवीज करायची. फरक इतकाच की बूलेच्या आकाशात जर्मन विमाने वाट पाहत असत. येथे आकाश रिकामे होते.

१४ तारखेचे काम वेगळ्या जातीचे होते. उमरग्याहून पूर्वेला ४८ किलोमीटरवर राजेश्वर. मधला रस्ता दख्खनच्या पठारावरचा. दुतर्फा काळी जमीन आणि पावसाने माजलेली पिके. रणगाडा चिखलात रस्ता सोडून फार दूर जाऊ शकत नाही. म्हणजे ज्याने रस्त्याच्या कडेला नीट खंदक खणले, त्याला थोड्या माणसांनिशी मोठा ताफा रोखून धरता येतो. तशी ठाणी खरोखरच तयार होती. जमिनीवरून ती दिसली असती ती पहिला स्फोट झाल्यावर. वरून मात्र ओल्या काळ्या मातीत उकरलेली ताजी माती लपत नाही. टेम्पेस्टच्या माऱ्यानंतर रस्ता मोकळा झाला आणि सैन्याने दुपारपर्यंत राजेश्वर घेतले. दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या आघाडीवर सूर्यापेठेचा मार्गही हवाई हल्ल्यांनीच उघडला.

या हवाई यशाचे मोजमाप नीट करायला हवे. समोर विमानविरोधी तोफांची भिंत नव्हती आणि विमाने तर नव्हतीच. १९१८ च्या वैमानिकांनी पत्करलेला धोका येथे नव्हता. त्यामुळे ‘पहिल्याच फटक्यात शत्रू हतबल’ अशी वर्णने थोडी सावधपणे वाचावीत. हवाई दलाचे खरे योगदान होते वेळ वाचवण्याचे, आणि त्या आठवड्यात वेळेचे मोल बॉम्बपेक्षा अधिक होते. हैदराबादने २१ ऑगस्टलाच संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली होती आणि १६ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेपुढे तिची चर्चा झाली. उमरग्याच्या पुढे चार-पाच दिवस अडकलेले सैन्य दिल्लीला परवडणारे नव्हते. तोवर सैन्य हुमनाबाद ओलांडून जहीराबादच्या दिशेने सरकले होते. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. १८ तारखेला जनरल एल-एद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

सरकारी भाषेत हे ‘पोलीस अ‍ॅक्शन’. ज्या कारवाईत चिलखती डिव्हिजन आणि लढाऊ विमाने उतरली, तिला पोलिसी म्हणणे हा राजनैतिक शब्दप्रयोग होता. हैदराबाद हा परदेश नाही, हे जगाला सांगण्यासाठी तो सोयीचा होता. मराठवाड्यासाठी १७ सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन आहे. रझाकारांच्या दहशतीखाली वर्ष काढलेल्या उमरगे, तुळजापूर, लोहारा भागातील गावांसाठी तो शब्द अक्षरशः खरा होता.

पण याच जिल्ह्याच्या नोंदीत त्या आठवड्यानंतरचे एक पानही आहे. रझाकार पळाले, सैन्य हैदराबादकडे पुढे निघून गेले, आणि मागे राहिलेल्या गावांत सूडाला सुरुवात झाली. त्याची झळ रझाकारांशी काही संबंध नसलेल्या मुसलमान कुटुंबांना बसली. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानभर दौरा केला. आधी झालेले रझाकारांचे अत्याचार समितीने नाकारले नाहीत. मात्र कारवाईच्या दरम्यान आणि नंतर संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार लोक मारले गेले, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे तिने नावानिशी दिले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. या चारांतच मृतांचा आकडा १८ हजारांहून कमी नसावा, असे तिने नोंदवले. त्यांपैकी उस्मानाबाद आणि बिदर हे उमरगे-राजेश्वर रस्त्याच्या दोन टोकांचे जिल्हे.

टेहळणी विमानांना रस्त्याकडेचे खंदक दिसले होते. त्यानंतरच्या आठवड्यांत खेड्यांत जे घडले, ते पाहायला वर कोणी नव्हते. समितीने आपला अहवाल सरकारला दिला. तो लोकांना वाचायला मिळेपर्यंत अनेक दशके गेली.